पारसला नवा कोळसा नको, आणि गॅसही तास मोजूनच

पारसच्या औष्णिक वीज केंद्राचा विस्तार व्हावा, तिथे आणखी एक मोठा संच उभा राहावा, ही मागणी बाळापूर आणि अकोला परिसरात वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्यामागचे दुखणे खरे आहे. विदर्भाने राज्याला वीज दिली, राख अंगावर घेतली आणि त्या बदल्यात कारखाने मात्र दुसरीकडे गेले, ही भावना वऱ्हाडात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे 'निदान वीज केंद्र तरी वाढवा' असे लोक म्हणतात, यात नवल नाही. पण हीच मागणी आता एका वेगळ्या पार्श्वभूमीवर तपासून पाहावी लागेल. समृद्धी महामार्गाच्या कडेने 'गेल'ची मुंबई-नागपूर वायुवाहिनी टाकली गेली आहे. हा महामार्ग बुलडाणा आणि वाशीम ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरतो आणि नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे या तालुक्यांतून पुढे वर्ध्याकडे जातो. म्हणजे आजवर फक्त किनाऱ्यावरच्या उरण, ट्रॉम्बे, दाभोळलाच परवडणारे इंधन वऱ्हाडाच्या उंबऱ्याशी आले. मग कोळशाऐवजी गॅसवरचे वीज केंद्र इथे का नको, हा प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तर मात्र 'हवे' किंवा 'नको' अशा एका शब्दात देता येत नाही. माझे म्हणणे असे की, वऱ्हाडाने कोळशाचा नवा संच मागू नये. गॅसवरची वीज मागावी, पण ती थोडी, ठरावीक तासांपुरती आणि पाण्याची अट कागदावर घालून मागावी.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू, कारण सगळा हिशेब त्याच्या रचनेतून निघतो. पारसला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या नांदगावपेठला कोळसा जळतो तो पाण्याची वाफ करण्यासाठी. वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, पाती फिरतात, त्यांच्याबरोबर जनित्र फिरते. गॅस टर्बाइनमध्ये वाफेचा हा मधला टप्पाच नाही. पुढच्या बाजूला असलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून तिला पंधरा-वीस पट दाबतो. त्या दाबलेल्या हवेत गॅस सोडून पेटवला जातो. तेराशे-चौदाशे अंशांपर्यंत तापलेले वायू प्रसरण पावत थेट पात्यांवर येतात आणि दंड फिरवतात. या तापमानाला साधे पोलाद टिकणार नाही, म्हणून पाती निकेलच्या खास मिश्रधातूची करतात, त्यांच्या आतून बारीक पोकळ्या काढतात आणि त्यांतून थंड हवा खेळवत ठेवतात. टर्बाइनने कमावलेल्या शक्तीतला निम्म्याहून अधिक वाटा पुढचा कॉम्प्रेसर फिरवण्यातच जातो. उरलेली शक्ती जनित्राला मिळते. म्हणून नुसते गॅस टर्बाइन चालवले तर इंधनातल्या उष्णतेपैकी पस्तीस-अडतीस टक्केच विजेत उतरतात. पण टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायूही साडेपाचशे-सहाशे अंश तापलेला असतो. तो चिमणीतून सोडून न देता बॉयलरवरून नेला, तर त्याच उष्णतेवर वाफ तयार होते आणि ती दुसरे टर्बाइन फिरवते. या जोडचक्रात कार्यक्षमता पंचावन्न ते साठ टक्क्यांपर्यंत जाते. कोळशाचे २५०-२७० मेगावॉटचे संच पस्तीस-सदतीस टक्क्यांच्या पुढे जात नाहीत.

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण उरणचे आहे. मुंबई हायच्या तेलाबरोबर वर येणारा गॅस किनाऱ्यावर उरणला उतरतो आणि तिथे १९८२ पासून गॅस टर्बाइन चालत आली आहेत. आज महानिर्मितीच्या या केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट सांगितली जाते. त्यातले १०८ मेगावॉटचे चार संच गॅसवर चालतात, म्हणजे ४३२ मेगावॉट. आणि उरलेले २४० मेगावॉट १२० मेगावॉटच्या दोन वाफेच्या संचांतून येतात, ज्यांना वेगळे इंधन लागत नाही. एकूण क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वीज निव्वळ बाहेर पडणाऱ्या उष्णतेतून मिळते. राख नाही, कोळशाच्या वाघिणी नाहीत, आणि प्रत्येक युनिटमागे कर्बवायू कोळशाच्या निम्म्याहून कमी. पारसच्या २५० मेगावॉटच्या दोन संचांना पूर्ण क्षमतेने चालायचे तर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे मालगाडीचे दोन रेक. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के असल्याने त्यातून रोज अडीच-तीन हजार टन राख निघते. ती राख कुठे जाते, उन्हाळ्याच्या वाऱ्यात ती कुणाच्या पिकावर आणि कुणाच्या अंगणात बसते, हे पारस परिसरातल्या गावांना सांगावे लागत नाही.

हे झाले गॅसचे गुण. पण ज्या प्रदेशाविषयी आपण बोलतो त्याची एक अडचण गॅस टर्बाइनला थेट भिडते. या यंत्राची क्षमता पंधरा अंश सेल्सिअसची हवा धरून ठरवतात. हवा तापली की विरळ होते, टर्बाइनला तेवढ्याच आकारमानात कमी वजनाची हवा मिळते आणि वीज घटते. अकोल्याचा पारा मे २०२० मध्ये ४७ अंशांवर गेला होता. ४४-४५ अंश तर दर उन्हाळ्यात असतातच. अशा हवेत १०० मेगावॉटचे टर्बाइन ८०-८५ मेगावॉटवर येते, आणि समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे-तीनशे मीटर उंचीमुळे आणखी दोन-तीन टक्के जातात. म्हणजे घरोघरी कूलर आणि एसी सर्वांत जास्त चालतात त्याच दिवसांत हे यंत्र खचते. यावर उपाय आहे आणि तो वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: आत येणारी हवा ओल्या जाळीतून ओढायची. वऱ्हाडचा उन्हाळा कोरडा असल्याने कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. टर्बाइनच्या तोंडाशीही तसेच होते आणि ४५ अंशांची हवा पंचवीस-सत्तावीस अंशांपर्यंत उतरवता येते. त्याला लागणारे पाणी १०० मेगावॉटच्या यंत्रासाठी पाच तासांना चाळीस हजार लिटरच्या आत, म्हणजे मोठे चार टँकर. तेव्हा उष्णतेची अडचण खरी असली तरी ती सोडवता येण्यासारखी आहे.

पाण्याची अडचण अशी सुटत नाही. वऱ्हाडात विजेचा कोणताही वाद शेवटी पाण्यापाशीच येतो. नांदगावपेठचा प्रकल्प, जो सुरुवातीला 'सोफिया' या नावाने ओळखला गेला, नंतर इंडियाबुल्सचा आणि आता रतनइंडियाचा झाला, त्याला ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी द्यावे की नाही यावर अमरावती जिल्ह्यात मोठे आंदोलन उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. सुरुवातीची मंजुरी वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाण्याची होती आणि त्यामुळे सुमारे २३ हजार हेक्टर सिंचन घटेल असा हिशेब तेव्हा मांडला गेला. ज्या जिल्ह्याचा सिंचनाचा अनुशेष कागदोपत्री मान्य झालेला, ज्याच्या पश्चिमेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरलेला, जिथे विहीर खणली तर पाणी खारे लागते, तिथे धरणातले गोडे पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जावे, हे शेतकऱ्याला पटणे शक्यच नव्हते. सिंभोऱ्याच्या त्याच धरणावर अमरावती शहराची तहान भागते. तिकडे काटेपूर्णेवर अवलंबून असलेल्या अकोल्याला नळाचे पाणी रोज मिळत नाही.

कोळशाचा संच पाणी पितो कुठे? वाफ टर्बाइनमधून बाहेर पडली की तिला पुन्हा पाण्याच्या रूपात आणण्यासाठी थंड करावे लागते, आणि ती उष्णता कूलिंग टॉवरमध्ये पाण्याचा काही भाग उडवून बाहेर टाकली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी दर युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली, नव्यांसाठी अडीच लिटरची, जी २०१८ मध्ये तीन लिटर केली. तीन लिटर धरले तरी २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालताना तासाला साडेसात लाख लिटर आणि दिवसाला एक कोटी ऐंशी लाख लिटर पाणी संपवतो. माणशी १३५ लिटर धरले तर हे सव्वा लाखाहून अधिक लोकांचे रोजचे पाणी. जोडचक्राच्या गॅस केंद्रात एकूण विजेच्या तिसऱ्या हिश्शालाच वाफ लागते, म्हणून पाणीही युनिटमागे लिटरभराच्या आसपास येते. आणि गॅसवर चालणारी मोठी इंजिने घेतली, जी ट्रकच्या इंजिनासारखीच पण प्रत्येकी दहा-वीस मेगावॉटची असतात, तर रेडिएटरवर भागते आणि पाणी जवळजवळ लागतच नाही. त्यांची कार्यक्षमता पंचेचाळीस टक्क्यांच्या वर असते, उष्णतेने ती टर्बाइनइतकी खचत नाहीत, आणि बंद इंजिन पाच-दहा मिनिटांत पूर्ण भार उचलते.

इथपर्यंत वाचून 'मग सगळेच गॅसवर न्या' असे वाटेल. तो हिशेब करून पाहायलाच हवा, कारण पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाचा गैरसमज नेमका इथे होऊ शकतो. नांदगावपेठचे १,३५० मेगावॉट वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेने चालले तर सुमारे साडेनऊशे कोटी युनिट वीज होते आणि तीन लिटरच्या दराने २८ दशलक्ष घनमीटर पाणी जाते. तेवढीच वीज जोडचक्राच्या गॅस केंद्रातून काढली तर सुमारे १९ दशलक्ष घनमीटर पाणी वाचेल. ऊर्ध्व वर्धा धरणाच्या मघाच्याच हिशेबाने हे पाच हजार हेक्टरचे पाणी. आता पैसे बघा. आयात केलेला द्रवरूप गॅस दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांना १२ डॉलरने मिळाला, तर जोडचक्रातही फक्त इंधनाचाच खर्च युनिटमागे सात रुपयांच्या वर जातो. कोळशाचा तोच खर्च साडेतीन रुपयांच्या आसपास असतो. युनिटमागे चार रुपयांचा फरक धरला तर वर्षाला ३,८०० कोटी रुपये जास्त मोजावे लागतील, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक हेक्टरमागे दरवर्षी पाऊण कोटी रुपये. एवढ्या पैशात त्या पाच हजार हेक्टरांना दुसऱ्या किती मार्गांनी पाणी देता येईल! दिवसरात्र गॅस जाळून वीज करणे हा महाराष्ट्राला, आणि वऱ्हाडाला तर मुळीच, परवडणारा मार्ग नाही. देशात २० ते २५ हजार मेगावॉटची गॅसवरची केंद्रे उभी असूनही एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास राहतो तो याचमुळे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस भरपूर येणार या भरवशावर यांतली कित्येक उभी राहिली; तिथले उत्पादन कोसळले आणि २०१३ पासून वीज केंद्रांना तो गॅस मिळणे बंदच झाले.

इथे दाभोळ आठवणार, आणि आठवायलाच हवे. गॅसची वीज म्हटले की मराठी वाचकाच्या मनात दाभोळ उभारणारी एन्रॉन येते, आणि विरोधकांचा सर्वांत बळकट आक्षेपही तोच आहे. १९९३ चा करार, १९९५ मध्ये तो रद्द, १९९६ मध्ये नव्याने, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याचे ७४० मेगावॉट नाफ्थ्यावर सुरू, आणि २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवल्यावर केंद्र बंद. पण तिथे नेमके काय चुकले हे नीट वेगळे काढले पाहिजे. टर्बाइन चुकले नव्हते. चूक होती ती वीज घेतली नाही तरी मोठा स्थिर आकार देण्याच्या अटीत, तो डॉलरशी बांधण्यात, आणि महाग इंधनाचे केंद्र जणू कोळशाचेच आहे अशा थाटात वर्षभर चालेल असे गृहीत धरण्यात. वीज मंडळाने कमी वीज घेतली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडे आणि दर गगनाला भिडे. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये या व्यवहाराची चिरफाड केली, ती आजही प्रत्येक आमदाराने वाचावी अशी आहे. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने ते केंद्र घेतले. १,९६७ मेगावॉटची यंत्रे आजही अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभी आहेत आणि त्यांचा थोडाच भाग वापरला जातो. उरणलाही पूर्ण क्षमतेने चालण्याइतका गॅस अनेक वर्षे मिळालेला नाही.

मग गॅस कशासाठी? याचे उत्तर युनिटच्या दरात शोधून सापडत नाही, ते तासांत आहे. राज्यात सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांचा भार दिवसावर आणला जात आहे. १६ हजार मेगावॉटचे लक्ष्य आहे. हे काम वऱ्हाडासाठी फार मोलाचे आहे. हरभऱ्याला, गव्हाला किंवा वरुड-मोर्शीच्या संत्र्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वावरात जायचे, साप-विंचवाची आणि आता बिबट्याची भीती उराशी धरायची, हे संपले पाहिजे. पण सूर्य मावळला की ती सगळी सौर वीज तासाभरात जाते आणि नेमके तेव्हाच घराघरांतले दिवे, पंखे, कूलर लागतात. दिवेलागणीपासून रात्री दहा-अकरापर्यंतची ही चढण कोळशाच्या संचाला झेपत नाही. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा पूर्ण भारावर यायला आठ-दहा तास लागतात. म्हणून संध्याकाळी हवा असेल तर त्याला दुपारीही, विजेची गरज नसताना, किमान ५५ टक्के भारावर जळत ठेवावे लागते. त्या दुपारी तो कोळसाही खातो आणि धरणाचे पाणीही. याउलट गॅसचे इंजिन दिवसभर बंद राहून संध्याकाळी उठते.

या फरकाला पैशांत मोजता येते. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा स्पष्ट करतात. कोळशाच्या नव्या संचाला मेगावॉटमागे नऊ कोटी रुपये भांडवल आणि त्यावर वर्षाला पंधरा टक्के स्थिर खर्च धरू. गॅसच्या इंजिनांना साडेचार कोटी आणि तोच दर. संच वर्षात सात हजार तास चालला तर कोळशाची वीज साडेपाच रुपयांच्या आत पडते. तिथे गॅसने स्पर्धेत उतरूच नये. पण तोच संच वर्षातून हजार तासच लागणार असेल, म्हणजे दिवसाला चार तास आणि अडीचशे दिवस, तर कोळशाचा स्थिर खर्चच युनिटमागे साडेतेरा रुपये होतो, इंधनासह सतरा. गॅसचा स्थिर खर्च पावणेसात, इंधन आठ धरले तरी पंधराच्या आत. दीड हजार तासांच्या आसपास दोन्ही बरोबरीत येतात. आणि उरण-दाभोळसारखी यंत्रे, ज्यांचे भांडवल केव्हाच खर्च होऊन गेले आहे, ती तर या कामाला आजच स्वस्त आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याचे कलम ११ वापरून गॅसवरची केंद्रे मे आणि जून महिन्यांत चालवायला लावली, ती याच गरजेपोटी. आपत्कालीन आदेश काढून जे काम करवून घ्यावे लागते, ते नियोजनात आधीच का असू नये?

यावर आजचा सर्वांत वजनदार आक्षेप बॅटरीचा आहे, आणि तो मी पुरेशा गांभीर्याने घेतो. साठवणुकीच्या निविदांतले दर गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले आहेत. दुपारची सौर वीज भरून ठेवून संध्याकाळचे पहिले दोन तास भागवायचे असतील तर बॅटरी गॅसपेक्षा स्वस्त पडेल, आणि ते काम बॅटरीनेच करावे. घाटघरसारखे उदंचन प्रकल्पही, म्हणजे पाणी वर चढवून ठेवून लागेल तेव्हा वीज काढणारे, त्यासाठीच आहेत. चिखलदऱ्याच्या अशा प्रकल्पाची चर्चा जुनी आहे, पण मेळघाटच्या जंगलाचा प्रश्न तिथे उभा राहतोच. मात्र बॅटरी भरायला ऊन लागते. आषाढ-श्रावणात सलग आठ-दहा दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा दोन तासांची बॅटरी पहिल्याच संध्याकाळी रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी अर्धीही भरत नाही. अशा आठवड्यांसाठी, किंवा एखादा मोठा संच अचानक बंद पडला तर, इंधन साठवून ठेवता येणारे आणि हाक मारताच उठणारे काहीतरी लागते. बॅटरीमुळे गॅसचे तास हजारावरून पाचशेवर आले तर चांगलेच. तास जितके कमी, तितका नव्या कोळशाच्या संचाचा दावा आणखी दुबळा होतो.

दुसरा आक्षेप परावलंबनाचा. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, युरोपने मिळेल त्या भावाने गॅस उचलला आणि आपल्याकडची केंद्रे थंडावली. हे पुन्हा होऊ शकते. म्हणूनच वर्षभराचा पुरवठा गॅसवर टांगू नये. पण गरज थोड्या तासांची असेल तर प्रमाणही थोडे असते: १०० मेगावॉटची इंजिने चार तास चालवायला लाखभर घनमीटर गॅस पुरतो. एवढा गॅस देशी उत्पादनातून देणे अशक्य नाही. सरकारने २०२३ मध्ये जुन्या क्षेत्रांतल्या देशी गॅसच्या दराला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली, ती २०२५ मध्ये पावणेसात झाली, आणि त्या दराने इंधनाचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. खते आणि स्वयंपाकघरे यांचा त्या गॅसवर पहिला हक्क आहे हे मान्यच. म्हणून तर विजेसाठी तो मोजून मागायचा. गळतीचा मुद्दाही टाळता येणार नाही. जळण्याआधीच वातावरणात निसटलेला मिथेन कर्बवायूपेक्षा अनेक पटींनी तापवतो, आणि विहिरीपासून वाहिनीपर्यंत गळती ढिसाळपणे होत असेल तर गॅसचा हवामानाच्या बाजूचा फायदा बराचसा धुऊन जातो. वाहिनीच्या तपासणीचे आकडे लोकांपुढे ठेवणे बंधनकारक केल्याशिवाय 'स्वच्छ इंधन' हे बिरुद कुणी लावू नये.

राहिला रोजगाराचा प्रश्न, आणि पारसच्या मागणीचे मूळ तिथेच आहे. गॅसच्या केंद्रात माणसे फारच थोडी लागतात. कोळसा उतरवणे, राख वाहणे, बॉयलरची देखभाल, या कामांवर जगणारी कंत्राटी कुटुंबे तिथे असणार नाहीत. हे लपवून गॅसचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण गॅस इथे आलाच आहे तर त्याच्या दर घनमीटरमागे जास्त हातांना काम कुठे मिळेल, हा विचार करायला हवा. नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यांच्या बॉयलरला आणि अकोल्याच्या वसाहतीतल्या प्रक्रिया उद्योगांना स्थिर दराने गॅस मिळाला, तर कापूस आणि डाळीच्या या प्रदेशात मूल्यवर्धन वाढेल. तेवढ्याच गॅसच्या विजेने ते होणार नाही. आणि कोळशाच्या नव्या संचात मिळणारा रोजगारही, संच वर्षातले निम्मे दिवस बंद ठेवायची वेळ आली तर, किती टिकेल?

म्हणून वऱ्हाडातल्या लोकप्रतिनिधींनी नव्या कोळशाच्या संचाचे निवेदन बाजूला ठेवून सरकारपुढे दुसरे मागणे मांडावे. सगळ्यांत आधी उरणला आणि दाभोळला संध्याकाळच्या तासांपुरता देशी गॅस राखून द्यावा, कारण वीज पारेषणाच्या तारांतून अकोल्यापर्यंत येतेच; ती इथेच तयार व्हावी असे काही नाही. पाणी आणि राख मात्र जिथल्या तिथे राहतात. वऱ्हाडात काही उभारायचेच असेल तर ते शंभर-दीडशे मेगावॉटच्या इंजिनांपेक्षा मोठे नको, आणि ते वाहिनीच्या जवळ हवे. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला वाहिनी हाताशी आहे, तर पारसपर्यंत आणायची म्हटली तर हवाई अंतरच पन्नास-साठ किलोमीटर पडते. करारात वीज न घेता द्यायचा आकार रुपयांत आणि मर्यादित असावा, पाण्याची कमाल मर्यादा परवान्यातच लिहावी. आणि यातून कोळशाच्या संचांना पावसाळ्यात व दिवाळीनंतर जी विश्रांती देता येईल, तिचे पाणी जलसंपदा विभागाने वेगळे मोजावे. ऑक्टोबरात कूलिंग टॉवरमध्ये न उडालेले पाणी बाष्पीभवनाची तूट वजा जाता फेब्रुवारीपर्यंत धरणात राहते. हे प्रमाण लहान असेल. एका संचाच्या महिन्याभराच्या विश्रांतीने तीन-चार लाख घनमीटर, म्हणजे शंभरेक हेक्टर. पण कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ते रब्बीच्या शेवटच्या पाळीसाठी नावानिशी राखून ठेवले, तर कालव्याच्या टोकाकडच्या ज्या शेतकऱ्यापर्यंत ती पाळी बहुतेक वर्षी पोचतच नाही, त्याच्या हरभऱ्याला एक पाणी मिळेल.